उन्हाचा बाजार

सकाळी साडेनऊ वाजले की बाई कच्छमधल्या एका चहावाल्याला फोन लावायच्या. त्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. मोठमोठ्या सोलर प्रकल्पांच्या जवळ रस्त्यावर त्याची टपरी होती आणि तिचा नंबर बाईंनी कुठून तरी मिळवला होता.

“वादळ छे के नथी?” बाई विचारायच्या. गुजरातीत वादळ म्हणजे ढग, हे मला त्या फोनमुळेच कळलं. तो टपरीबाहेर येऊन आकाशाकडे बघत असावा, कारण मध्ये थोडा वेळ जायचा. मग त्याचं उत्तर यायचं, आणि त्यानंतर त्याच्या सुनेची तब्येत, बकरीला झालेली पिल्लं, भावाशी चाललेला जमिनीचा वाद. बाई सगळं ऐकून घ्यायच्या. त्याला नातू झाला तेव्हा त्यांनी कर्जतच्या बाजारातून दोन झबली घेऊन पार्सलने पाठवली.

दुसरा फोन साताऱ्याकडच्या पठारावर. तिथे पवनचक्क्यांच्या गावात एक शिवणकाम करणारी बाई होती. तिला प्रश्न एकच असायचा, “दोरीवरचे कपडे कसे उडतायत?”

मी नवीन होते. दोन-तीन दिवस ऐकलं आणि न राहवून म्हटलं, “मॅडम, हे सगळं मोबाइलवर दिसतं.”

“मॅडम नको, बाई म्हण,” त्या म्हणाल्या. “मोबाइलवर ढग दिसतो गं. पण तो थांबायला आलाय की जायला निघालाय, ते तिथल्या माणसाला कळतं. आणि ज्यांच्या गावचं घ्यायचं, त्यांची चौकशी नको करायला?”

बाई आमच्या कारखान्यासाठी वीज विकत घ्यायच्या. खालापूरच्या हद्दीत आमची भट्टी आहे. भंगार लोखंड वितळवायचं, त्याचा रस साच्यात ओतायचा, निघालेले तुकडे यंत्रांवर घासायचे, हे तिथलं काम; तेव्हा वितळवणं रात्री चालायचं, यंत्रं दिवसा. अशा भट्टीला वीज इतकी लागते की कारखाना चालणार की बंद पडणार ते विजेवरच ठरतं. पूर्वी वीज एकाच कंपनीकडून यायची आणि ती सांगेल तो दर असायचा. पुढे कायदा बदलला. मोठ्या ग्राहकांना हवी तिथून वीज घेण्याची मोकळीक मिळाली आणि विजेचा चक्क बाजार सुरू झाला. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे शहाण्णव तुकडे करायचे. उद्याच्या कुठल्या तुकड्यात किती वीज हवी आणि जास्तीत जास्त काय भावाने, हे आज दुपारी बाराच्या आत संगणकावर भरायचं. बाई ते करायच्या. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि खुर्चीच्या पाठीला अडकवलेली कापडी पिशवी. त्या भिवपुरीहून गाडी बदलून यायच्या, पण कुणी विचारलं तर “बाजाराला चाललेय” एवढंच सांगायच्या. बाहेर मात्र घासाघीस अजिबात करायच्या नाहीत. कारखान्याच्या फाटकाजवळ रानभाज्या घेऊन बसणाऱ्या ठाकूर बायका म्हणतील तो भाव द्यायच्या. “सकाळभर तेच करून आलेय,” म्हणायच्या.

दुपारी जेवताना आम्ही मागच्या पायरीवर बसायचो. बाई डबा उघडता उघडता सांगायच्या, “आजचं लोखंड कच्छच्या उन्हावर घासलं गेलं बघ.” किंवा, “आज अर्धा रस साताऱ्याच्या वाऱ्याचा.” विजेवर नाव लिहिलेलं नसतं, सगळी एकाच तारेतून येते, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. तरी त्या तसंच बोलायच्या.

कामगारांमध्ये मात्र बाई ओळखल्या जायच्या त्या फळ्यासाठी. ऑफिसच्या बाहेर, चहाच्या रांगेसमोर, त्यांनी स्वतःच्या खर्चाने एक काळा फळा लावला होता. वर खडूने लिहिलेलं असायचं, ‘माझ्या चुका’. आठवडाभर त्यात भर पडायची आणि आठवड्याच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी तो पुसला जायचा. ‘दुपारी ढग येतील म्हणून घाबरले आणि महाग घेतलं. ढग आलेच नाहीत.’ ‘वजनकाट्यावरच्या माणसावर उगाच ओरडले. त्याचं बरोबर होतं.’ ‘आईशी भांडून आले, तो राग आकड्यांवर काढला.’ बाईंनी लग्न केलं नव्हतं. घरी त्या आणि ऐंशी पार केलेली आई, दोघीच. आईचा उल्लेख फळ्यावर बरेचदा यायचा.

रुजू झाल्यावर महिन्याभरात माझ्या हातून चूक झाली. दुपारी घ्यायची वीज मी संध्याकाळच्या रकान्यात भरली. संध्याकाळी सूर्य मावळतो, घराघरांत दिवे लागतात, भाव चढतो. नुकसान झालं. मालकांना कळलं तर माझी नोकरी जाणार हे मी धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी आले तर फळ्यावर लिहिलेलं, ‘नव्या मुलीला नीट न शिकवता तिच्या हाती काम दिलं.’

मी खडू घेतला आणि खाली लिहिलं, ‘चूक माझी होती.’ बाई बाहेर आल्या, वाचलं, ओल्या फडक्याने माझी ओळ पुसली.

“दुसऱ्याच्या फळ्यावर लिहू नये,” म्हणाल्या. “हवा तर स्वतःचा आण.”

मी आणला. वहीएवढी पाटी होती, टेबलावर ठेवली. आजही आहे.

आता माझ्या घरचं सांगायला हवं. पळसदरीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव आहे. बाबा याच भट्टीवर कामाला. मी ऑफिसात लागले तेव्हा त्यांची तिथे बावीस वर्षं झाली होती, आणि बावीसही वर्षं रात्रपाळीची. रात्री दहाला भट्टी पेटायची, सकाळी सहाला थांबायची. बाबा सातला घरी यायचे, आंघोळ करून झोपायचे. त्यामुळे आमच्या घरात दिवसा कुणी मोठ्याने बोललं नाही. आई कुकरची शिट्टी सातच्या आत उरकायची. मी आणि माझा भाऊ खेळायला विहिरीपलीकडे जायचो, आवाज येऊ नये म्हणून. मैत्रिणी घरी आल्या की मी आधी तोंडावर बोट ठेवायचे. रविवारी रात्री विहारात वंदना असायची. बाबा पुढच्या रांगेत बसायचे आणि अर्ध्यातून हळूच उठून कामावर जायचे. सगळ्यांना सवय झाली होती. कुणी मान वळवून बघायचं नाही.

हे कुणी मुद्दाम केलं असं मला कधी वाटलं नव्हतं. ऑफिसात बसायला लागल्यावर कळलं. रात्री वीज कमी लागते, म्हणून रात्री ती स्वस्त, म्हणून भट्टी रात्री. माझ्या बापाची झोप विजेच्या दरपत्रकात ठरलेली होती.

मग मी लागले त्याच वर्षी उन्हाळ्यात नवे दर आले. बाई कागद वाचत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, बाहेर गेल्या आणि डोक्यावर काही न घेता अंगणात उन्हात उभ्या राहिल्या. मी खिडकीतून बघत होते. पाचेक मिनिटांनी आत आल्या.

“दिवस स्वस्त झाला गं,” त्या म्हणाल्या.

कच्छ, राजस्थान, आपल्याकडचं सोलापूर, धुळे. सगळीकडे इतके सोलर लागले होते की दुपारी वीज उरायला लागली होती. बाजारात दुपारचे भाव आधीच पडत होते. आता ज्या जुन्या कंपनीकडून अजून काही वीज यायची, तिनेही रात्रीची सवलत काढून ती दिवसाला दिली. मला तो फक्त दरातला बदल वाटला. बाईंनी मात्र त्याच दिवशी मालकांना गाठलं. मी वही घेऊन सोबत होते.

“भट्टी दिवसा आणू या,” त्या म्हणाल्या.

मालक वाईट माणूस नव्हते. सावध होते. “दिवसा? अहो ताई, माणसं भाजून निघतील.”

“रात्रीही माणसंच असतात.”

“आणि नाही परवडलं तर?”

“तर मला काढा,” बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता. “दोन महिने द्या. नाही जमलं तर मी जाते.”

मालकांनी जरा विचार करून होकार दिला, पण कामगार तयार असतील तरच, असं सांगितलं. बाईंना वाटलं होतं, ते तर आनंदाने तयार होतील. मलाही वाटलं होतं. कँटीनमध्ये सगळ्यांना बोलावलं. बाईंनी सांगितलं.  पहिले उठले ते माझे बाबाच.

“बाई, राग मानू नका,” ते म्हणाले. “दिसाला भट्टी म्हंजे मे महिन्यात आमी जित्ते ऱ्हातो का नाय ते बगा. रातचा भत्ता जाईल. कुनाची शेती हाय, कुनी दिसाचा टेंपो चालवतो, ते बुडेल. तुमच्या बाजारात दिवस स्वस्त झाला म्हनून आमी आमची रात उलटी करायची. उद्या परत रात स्वस्त झाली, तर परत रातचं यायचं का?”

मी खाली बघत होते. सगळ्यांना ठाऊक होतं की मी त्यांची मुलगी आणि बाईंची सहायक.

बाईंनी सगळं वहीत लिहून घेतलं. मग म्हणाल्या, “शेवटचं विचारलंत ते बरोबर आहे. पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही. बाकीचं बघते.”

त्या आठवड्यात बाबा माझ्याशी धड बोलले नाहीत. जेवताना आईला म्हणाले, “हिच्या बाईला सांग, हापिसात पंख्याखाली बसून भट्टी चालत नसती.” मी समोरच बसले होते.

ते मी बाईंना सांगितलं नाही. पण त्यांना सांगावं लागलंच नाही. त्यांनी मालकांकडून तीन दुपारी चाचणीची भट्टी लावून घेतली आणि तिन्ही दुपारी स्वतः तिथे उभ्या राहिल्या. अनुभवी माणूस हवा म्हणून बाबांना बोलावलं होतं. बाबा तोंड पाडून आले. पहिल्या दिवशी दोघांत एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनी त्यांना नुसतं हाताने मागे सरका म्हणून खुणावलं. तिसऱ्या दिवशी रस ओतायच्या सुमाराला बाईंना घेरी आली. त्या भिंतीला धरून खाली बसल्या. बाबांनी त्यांना मीठ-साखरेचं पाणी आणून दिलं.

“बाई, असं सारकं उभं ऱ्हायचं नसतं,” ते म्हणाले. “आमी आलटून पालटून असतो. धा मिनिटं फुडं, धा मिनिटं मागं.”

“मला कुणी सांगितलं नाही,” बाई म्हणाल्या.

“तुमी इचारलं नाय.”

संध्याकाळी जाण्याआधी बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘भट्टीजवळ दिवसा काय होतं ते न बघता दिवसपाळीची योजना केली. ज्यांना माहीत होतं त्यांना आधी विचारलं नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रपाळी सुटली तेव्हा चहाच्या रांगेत बाबांनी ते वाचलं. त्या दिवशी मी पहाटेच्या गाडीने येऊन नुकतीच पोचले होते. त्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि परत पहिल्यापासून वाचलं. मग मला म्हणाले, “बावीस वर्षं काम करतोय. हापिसातल्या मानसानं सोताची चूक सोताच्या हातानं लिवल्याली, अशी ही एवडीच बगतोय.” त्या फळ्यासमोरून ते रोज जायचे, पण आजवर फळ्यावर लिहिलेलं बाईंचं आणि त्यांच्या बाजाराचं असायचं. हे त्यांच्याबद्दल होतं.

त्या दिवसापासून बाबा आणि बाई बोलायला लागले. रोज रात्रपाळी सुटल्यावर अर्धा तास; त्यासाठी बाई पहाटेच्या गाडीने यायच्या. छपराला कुठे झरोके काढायचे, मोठे पंखे कुठल्या अंगाने लावायचे, हे बाबांनी सांगितलं. टेंपोवाल्याला आणि आणखी दोघांना भंगार उतरवायच्या रात्रीच्या कामावर ठेवावं, कारण त्यांना दिवस मोकळाच हवाय, हेही बाबांनीच सुचवलं. भत्त्यासाठी बाई मालकांशी दोन दिवस बोलत होत्या. रात्रीचा भत्ता हा उष्णतेचा भत्ता झाला, आकडा तोच राहिला. एप्रिल-मेमध्ये ऐन दुपारचे दोन तास भट्टी मंद ठेवायची, हेही त्यांनी मिळवलं. मालक म्हणाले, “अहो, त्याच दोन तासांत वीज सगळ्यात स्वस्त असते, तुम्हीच सांगता.”

“इतकं स्वस्त मला नको,” बाई म्हणाल्या.

दिवसपाळी सुरू झाली. पहिल्याच महिन्यात चार दिवस अवेळी ढग दाटले आणि दुपारचे भाव वर गेले. कच्छचा चहावाला त्या दिवसांत स्वतःहून फोन करायचा, “बेन, वादळ.” महिनाअखेरी मालकांचा चेहरा उतरलेला होता आणि मी बाईंच्या जागी दुसरं कुणी येईल या विचाराने रोजचे आकडे दोनदोनदा तपासत होते. बाई मात्र रोजच्यासारख्या दोरीवरचे कपडे विचारत होत्या. दुसऱ्या महिन्यात ऊन आलं. सगळा हिशोब जमला आणि पहिल्या महिन्याची तूटही भरून निघाली. मालकांनी स्वतः येऊन बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, “बरं झालं. आता पंख्यांची दुरुस्ती करून घ्या, दोन आवाज करतायत.”

घरी सोपं गेलं नाही. बाबांना रात्री झोप यायची नाही. अंगाला बावीस वर्षांची सवय होती. ते ओट्यावर बसून राहायचे, आणि कामावरून येताना मोटारसायकलवर डुलक्या घेतात म्हणून भाऊ त्यांना आणायला जायचा. महिना-सव्वा महिना असाच गेला. मग हळूहळू जमलं. आई आता कधीही कुकर लावते. तिला शिट्टीचा दचका अजून बसतो, ती बात वेगळी.

पण मला सगळ्यात लख्ख आठवतो तो एक रविवार. आमच्याकडे आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असते, म्हणून रविवारी भट्टी चालूच होती. पाचला सुटून, आंघोळ करून, पांढरा सदरा घालून बाबा विहारात आले आणि नेहमीच्या जागी बसले. वंदना सुरू झाली. अर्ध्यापर्यंत त्यांचा आवाज सगळ्यांत खडा होता. नंतर तो बारीक होत गेला. मी बघितलं तर ते माझ्या ओठांकडे बघून म्हणत होते. शेवटच्या गाथा त्यांना पाठ नव्हत्या. इतकी वर्षं ते त्याच्या आधीच उठून जात होते. मी जरा मोठ्याने आणि सावकाश म्हणायला लागले. ते माझ्या मागून म्हणत राहिले.

हे मी बाईंना दुसऱ्या दिवशी पायरीवर बसून सांगितलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग उठून आत गेल्या. त्या दिवशी फळ्यावर काही लिहिलं गेलं नाही.

पुढे वैशाखी पौर्णिमेला आम्ही बाईंना गावी बोलावलं. विहारासमोर खीर वाटत होते. आमच्या शेजारच्या म्हातारीने त्यांना विचारलं, “तुमी काय काम करता गं बाई?”

“ऊन विकत घेते,” बाई म्हणाल्या.

“ऊन तर फुकट हाय.”

“तेच मालकांना सांगत असते, आजी.”

म्हातारीला ते पटलं असावं. तिने बाईंना आणखी एक वाटी खीर वाढली.

बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. आता वीज मी घेते. मोबाइलवर सगळं दिसतं, तरी मीही दोन फोन लावते. चहावाल्याचा नातू आता स्वतः फोन घेतो आणि ढग नसले तरी “छे, छे”, म्हणजे आहेत, आहेत, असं म्हणतो, म्हणून आजोबांना द्यायला सांगावं लागतं.

बाईंची आई गेली ती निवृत्तीच्या आदल्या हिवाळ्यात. सकाळी अकराला मला बाईंचा फोन आला. “आई गेली. उद्याचे आकडे मी सांगते, तू भर.” आणि त्यांनी खरंच आकडे सांगितले. ते भरून मी मिळेल त्या गाडीने भिवपुरी गाठली. निघताना भट्टीवर बाबांना सांगितलं. बाबांनी मान हलवली. ओतणं चालू होतं, त्यांना बोलता येत नव्हतं.

घरात दोन-चार शेजारी आणि ठाण्याहून आलेले एक चुलतभाऊ होते. तयारी झाली होती. दुपारचे तीन वाजत आले होते. चुलतभाऊ घड्याळ बघत म्हणाले, “आता कुणाची वाट बघायची आहे? तुला जवळचं आणखी कोण आहे?”

बाई आईच्या उशाशी बसल्या होत्या. त्या वर न बघता म्हणाल्या, “साडेसहापर्यंत थांबा. माझी माणसं पाचला सुटतात.”

चुलतभावांनी माझ्याकडे बघितलं. मला खात्री नव्हती. बाबा येतील एवढंच वाटत होतं. बाईंनाही कुणी येतो म्हणून कळवलं नव्हतं. त्यांनी आपलं धरूनच ठेवलं होतं.

सहा वाजून गेले. मग गल्लीच्या तोंडाशी टेंपो थांबल्याचा आवाज आला. मी दारात गेले. टेंपोतून माणसं उतरत होती. बाबा, त्यांच्या मागे भट्टीवरचे सगळे, साचेवाले, वजनकाट्यावरचा माणूस. घरी न जाता थेट आले होते. तोंड-हात धुतले होते, पण मानेवर आणि कानामागे काजळी तशीच होती. गल्ली भरून गेली. चपला काढून ते एकेक करून आत आले, हात जोडले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. जागा पुरेना म्हणून निम्मे ओट्यावर थांबले.

खांदा द्यायला चौघे कुठून आणायचे, याची चुलतभावांना दुपारपासून काळजी होती. आता खांदे बदलायलाही माणसं होती. बाई उठल्या. मडकं त्यांनी स्वतः उचललं. चुलतभाऊ काही तरी म्हणणार होते, पण इतक्या माणसांकडे बघून राहिले.

बाईंनी दारात थांबून सगळ्यांवरून नजर फिरवली. एकेकाकडे, मोजल्यासारखी. मग पहिल्यांदाच त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांना पुढचा पाय टाकता येईना.

बाबा तिरडीच्या पुढच्या बाजूला होते. ते जागीच थांबले. मागचेही थांबले.

“सावकाश, बाई,” बाबा म्हणाले. “आता रातचं कुनाला कामावर जायचं नाय.”